निसटलेल्या पक्ष्यांची नोंद

पिंजऱ्यातून सुटलेला पक्षी हा 'खरा' पक्षी नव्हे, सबब त्याची नोंद करण्याचे कारण नाही, असा समज पक्षिनिरीक्षकांत पूर्वापार रूढ आहे. बाजारात 'लव्हबर्ड' या नावाने विकला जाणारा ऑस्ट्रेलियाचा बजरीगर शहरातील चिमण्यांच्या थव्यात दाणे टिपताना दिसला, तर बहुतेक जण हसून पुढे जातात. वहीतील यादी खासगी होती, तोवर या उपेक्षेने फारसे बिघडत नव्हते. परंतु आता सर्वसामान्य नागरिकांच्या नोंदी एकत्र करून त्यांवरून शास्त्रज्ञ पक्ष्यांचा प्रसार अभ्यासतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने ऑडुबॉन सोसायटीच्या सहकार्याने २००२ साली सुरू केलेला 'ई-बर्ड' हा अशा नोंदसंग्रहांपैकी सर्वांत विस्तृत होय. तेथे न केलेली नोंद ही केवळ उणीव राहत नाही; पक्षी तेथे नव्हताच, असा तिचा अर्थ लावला जाण्याचा संभव असतो.

या उपेक्षेची किंमत काय, हे एका होल्याच्या इतिहासावरून ध्यानी येईल. मानेवर मागील बाजूस काळी अर्धकंठी असलेला, फिकट राखी रंगाचा हा होला आपल्याकडे माळरानांवर व शेतांच्या बांधांवर नेहमी आढळतो. १९७४ च्या सुमारास बहामा बेटांवर बंदिवासातील असे काही होले सुटले. त्यांची वीण वाढली आणि १९८० नंतरच्या काही वर्षांत ते समुद्र ओलांडून फ्लॉरिडात पोहोचले. तेथील निरीक्षकांना ते दिसत होते. पण त्यांच्याशी पुष्कळ साम्य असलेला एक पाळीव होला त्या भागात पूर्वीपासून सुटत आला असल्याने, 'हाही कोणाच्या तरी खुराड्यातलाच' अशी सर्वांची समजूत झाली. हा पक्षी वेगळा आहे, हे त्या दशकाच्या उत्तरार्धात उमगले. तोपर्यंत तो चांगलाच स्थिरावला होता. आज त्याने उत्तर अमेरिका खंडाचा बहुतेक भाग व्यापला आहे. मात्र त्या प्रसाराचा अगदी आरंभीचा भाग, म्हणजे अभ्यासकाला ज्याचे मोल सर्वांत अधिक तोच, तुटपुंज्या पुराव्यांवरून जुळवावा लागतो.

गंमत अशी की, हाच होला विसाव्या शतकात आग्नेय युरोपातून आपल्याच पंखांच्या बळावर पसरत गेला आणि १९५५ साली इंग्लंडमध्ये त्याची वीण झाली. म्हणून ब्रिटनच्या यादीत तो स्वाभाविकरीत्या आलेला पक्षी ठरतो आणि अमेरिकेत परकीय. पक्षी तोच, परकीयत्व त्याच्या जातीत नसून तो त्या स्थळी कसा पोहोचला यात असते. नोंदीत स्थळ व काळ यांचा आग्रह धरावयाचा तो याचसाठी.

ई-बर्डने २०२२ साली परकीय पक्ष्यांचे तीन वर्ग केले. पहिला स्थिरावलेल्यांचा: ज्यांची वीण मनुष्याच्या साहाय्यावाचून वर्षानुवर्षे टिकून आहे असे पक्षी. दुसरा अनिश्चितांचा: ज्यांची वीण होते पण ती टिकेलच असे म्हणवत नाही, किंवा जे स्वतः आले की सुटून आले हेच ठरविता येत नाही, असे पक्षी. तिसरा निव्वळ निसटलेल्यांचा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातून फेब्रुवारी २०२३ मध्ये बाहेर पडून वर्षभर शहरात मोकळे राहिलेले 'फ्लॅको' नावाचे घुबड हे या तिसऱ्या वर्गाचे उदाहरण. ते एकटेच होते व फेब्रुवारी २०२४ मध्ये मरण पावले. तिसऱ्या वर्गातील पक्षी अधिकृत संख्येत धरले जात नाहीत, तरी त्यांची नोंद जपून ठेवली जाते. वर्ग ठरविण्याचे काम निरीक्षकाचे नव्हे. प्रदेशवार परीक्षण करणारे ते ठरवितात. निरीक्षकाने आपली शंका मनात ठेवून नोंदच गाळणे म्हणजे साक्षीदाराने न्यायाधीशाचे काम करण्यासारखे आहे.

हे वर्ग कायमचे नसतात. आपला नेहमीचा पोपट लंडनच्या उद्यानांत थव्यांनी राहतो. त्याची वीण तेथे १९६९ पासून नियमित आढळू लागली आणि १९८३ साली ब्रिटिश यादीत त्याला स्थान मिळाले. आनुवंशिक तपासणीवरून हे पक्षी मुख्यतः पाकिस्तान व उत्तर भारत येथून गेलेल्यांचे वंशज दिसतात. उलट फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर एकेकाळी हजारोंनी असलेले बजरीगर हळूहळू घटत जाऊन २०१४ च्या सुमारास नाहीसे झाले. ही घट लोकांच्या नोंदींवाचून मोजताच आली नसती.

महाराष्ट्रात प्रश्न थोडा निराळा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी पोपट पाळणे गुन्हा असला, तरी चोरटा व्यापार चालतोच. त्यामुळे एखादा देशी पोपट भलत्याच भागात दिसला, तर तो उडत आला की सुटला हे सांगणे बजरीगरापेक्षा कितीतरी अवघड असते. अशा वेळी पक्ष्याचे नाव लिहून थांबू नये. पिसे झिजलेली वा कापलेली आहेत काय, पायात कडी आहे काय, माणसाजवळ जाण्यास तो भितो की नाही, एकटा आहे की जोडीने, ढोलीत ये-जा करतो काय, हे सर्व टिपावे. शक्य तर छायाचित्र जोडावे. पुढील महिन्यात तोच पक्षी पुन्हा दिसला, तर पुन्हा नोंदवावा. पिंजऱ्यात असलेला पक्षी मात्र यादीत घेऊ नये. नोंद व्हावयाची ती तो दाराबाहेर पडल्यापासूनची.