क्रीडामहोत्सवाचा प्रेक्षक : रिकाम्या आसनाचे अर्थशास्त्र

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ३ ऑक्टोबर २०१० रोजी एकोणिसाव्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेचे उद्घाटन झाले, तेव्हा प्रेक्षागृह भरगच्च होते. पुढच्या दोन-तीन दिवसांत मात्र अनेक क्रीडास्थळांवर वेगळेच दृश्य दिसले. मैदानात जागतिक दर्जाचे खेळाडू होते आणि समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. आठवडा उलटला आणि चित्र पालटले. १० ऑक्टोबरला मेजर ध्यानचंद राष्ट्रीय स्टेडियमवर भारताने हॉकीत पाकिस्तानला ७-४ असे हरवले, तेव्हा स्टेडियम दणाणून गेले. ११ ऑक्टोबरला महिलांच्या थाळीफेकीत कृष्णा पुनिया, हरवंत कौर आणि सीमा अंतिल यांनी तिन्ही पदके जिंकली, तो क्षणही हजारो प्रेक्षकांनी प्रत्यक्ष अनुभवला.

शहर तेच होते, नागरिकही तेच होते. मग आधीची ओस पडलेली आसने ही खेळाविषयीच्या अनास्थेची खूण मानता येईल काय? जगातील अलीकडच्या स्पर्धांचा अनुभव पाहता या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी नकारार्थी येते. रिकामे आसन हे बहुधा मागणीच्या अभावाचे नव्हे, तर सदोष वाटपाचे लक्षण असते. २०३० च्या शताब्दी राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेचे यजमानपद २६ नोव्हेंबर २०२५ रोजी अहमदाबादला मिळाल्यामुळे या विषयाला भारतात व्यावहारिक महत्त्व आले आहे.

तिकीट : एक नाशवंत वस्तू

अर्थशास्त्राच्या दृष्टीने क्रीडास्थळावरील आसन ही अत्यंत नाशवंत वस्तू होय. भाजी संध्याकाळी स्वस्तात विकता येते. परंतु शर्यत संपल्यानंतर त्या शर्यतीच्या आसनाला कोणतेही मूल्य उरत नाही. शिवाय स्टेडियम बांधून झाल्यावर आणखी एका प्रेक्षकाला बसवण्याचा सीमांत खर्च नगण्य असतो. त्यामुळे आसन रिकामे ठेवण्यापेक्षा ते अल्प दरात, प्रसंगी विनामूल्य देणे समाजाच्या हिताचे ठरते. दुसरीकडे आयोजकांना उत्पन्नही हवे असते. पॅरिस २०२४ च्या आयोजन समितीच्या अंदाजपत्रकात तिकिटे व आदरातिथ्य यांचा वाटा सुमारे एक तृतीयांश होता.

या दोन उद्दिष्टांचा मेळ घालण्याचे साधन म्हणजे मूल्यभेद. लंडन २०१२ च्या उद्घाटन सोहळ्याचे सर्वांत महाग तिकीट २,०१२ पौंडांचे होते, तर स्वस्त तिकिटांची सुरुवात २० पौंडांपासून होत होती. काही सत्रांसाठी १६ वर्षांपर्यंतच्या मुलांना जितके वय तितके पौंड आकारले गेले. पॅरिसमध्ये किमती २४ युरोंपासून २,७०० युरोंपर्यंत होत्या आणि सुमारे १० लाख तिकिटे २४ युरोंना देण्याचे नियोजन होते. सीन नदीवरील उद्घाटन सोहळ्यासाठी काठाच्या वरच्या भागातील दोन लाखांहून अधिक जागा विनामूल्य होत्या. ज्याची ऐपत अधिक त्याच्याकडून अधिक आणि इतरांकडून कमी, असे हे सूत्र आहे. तरीही पॅरिसमधील मोठ्या अंतिम सामन्यांच्या किमतींवर टीका झालीच. स्वस्त तिकिटे कोणत्या सत्रांसाठी ठेवली आहेत, हे त्यांच्या संख्येइतकेच महत्त्वाचे असते.

आसने रिकामी का राहतात?

लंडनमध्ये सुमारे ८२ लाख ऑलिम्पिक तिकिटे विकली गेली. लाखो ब्रिटिश नागरिकांना सोडतीत तिकीट मिळाले नव्हते. असे असताना पहिल्या काही दिवसांत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर उत्तम जागीच रिकामी आसने दिसली आणि जनतेत संताप उसळला. ही आसने प्रामुख्याने क्रीडा महासंघांचे पदाधिकारी, पाहुणे, पत्रकार इत्यादी अधिकृत मान्यताधारकांसाठी राखीव होती. ज्याला आसनाची किंमत मोजावी लागत नाही, त्याला ते रिकामे ठेवण्याचेही मोल द्यावे लागत नाही. आयोजकांनी मग सैनिक, शिक्षक आणि विद्यार्थ्यांना तेथे बसवले. लवकर परतणाऱ्या प्रेक्षकांची तिकिटे गोळा करून ती अल्प दरात पुन्हा देण्याची व्यवस्थाही केली.

दुसरे कारण वेळेचे आहे. २०२३ ची पुरुषांची क्रिकेट विश्वचषक स्पर्धा एकाच खेळाची असली तरी तिचा धडा येथे लागू पडतो. ५ ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या या स्पर्धेचे वेळापत्रक २७ जूनला जाहीर झाले, ऑगस्टमध्ये त्यात बदल झाले आणि सर्वसामान्यांसाठी तिकीट विक्री ऑगस्टच्या अखेरीस सुरू झाली. परगावच्या कुटुंबाला रजा, रेल्वे आरक्षण आणि निवास यांची जुळवाजुळव करण्यास इतका अवधी पुरत नाही. अहमदाबादच्या सुमारे १ लाख ३२ हजार क्षमतेच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर उद्घाटनाच्या सामन्यात फार मोठा भाग मोकळा दिसला, तर त्याच मैदानावर भारत-पाकिस्तान सामन्याच्या वेळी हॉटेलांचे दर गगनाला भिडले.

याउलट पॅरिसने फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे स्पर्धेच्या सुमारे दीड वर्ष आधी, सर्वसामान्यांसाठी विक्री सुरू केली. नोंदणी केलेल्यांमधून सोडत काढून खरेदीची वेळ दिली गेली. ज्यांना येणे जमणार नव्हते त्यांना अधिकृत व्यवस्थेतून मूळ किमतीला तिकीट परत विकता येत होते, त्यामुळे काळाबाजाराला आळा घालण्यास मदत झाली. ऑलिम्पिकची ९५ लाखांहून अधिक तिकिटे विकली जाऊन १९९६ च्या अटलांटा स्पर्धेचा सुमारे ८३ लाखांचा उच्चांक मोडला गेला.

घरापासून आसनापर्यंत

तिकिटाची छापील किंमत हा प्रेक्षकाच्या एकूण खर्चाचा एक भाग असतो. प्रवास, निवास, रांगेत जाणारा वेळ आणि बुडालेली मजुरी हे सारे त्यात मिळवावे लागते. यालाच वैकल्पिक खर्चाची संकल्पना लागू होते. लंडनमध्ये स्पर्धेच्या तिकिटासोबत त्या दिवसाचा शहरांतर्गत सार्वजनिक प्रवास विनामूल्य होता. त्यामुळे प्रेक्षकांनी खासगी वाहने टाळली. पॅरिसमध्ये स्पर्धेच्या काळात मेट्रोचे एकेरी तिकीट २.१५ युरोंवरून ४ युरो करण्यात आले. वाढीव सेवेचा भार स्थानिक पासधारकांवर न टाकता पाहुण्यांनी उचलावा, असा त्यामागे विचार होता. दोन्ही धोरणांना आपापले तर्कशास्त्र आहे.

अंतराचा प्रश्नही येतोच. पॅरिस स्पर्धेतील नेमबाजी राजधानीपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवरील शातोरू येथे झाली. भारताची नेमबाजीतील तिन्ही कांस्यपदके तेथेच मिळाली. त्यांत कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांच्या पदकाचा समावेश आहे. हे क्षण प्रत्यक्ष पाहू इच्छिणाऱ्या भारतीय प्रेक्षकाला पॅरिस सोडून तेवढा प्रवास करणे भाग होते. उपलब्ध क्रीडास्थळे वापरल्याने बांधकामाचा खर्च वाचतो. त्याचा काही अंश मात्र प्रेक्षकाच्या खिशातून जातो.

पर्यटनाच्या लाभाचा हिशेब

यजमानपदाचे समर्थन करताना परदेशी पाहुण्यांच्या खर्चाचा दाखला हमखास दिला जातो. येथे तीन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली, येणाऱ्या पाहुण्यांबरोबर न येणाऱ्यांचीही गणना करावी लागते. गर्दी आणि महागाई यांच्या धास्तीने नेहमीचा पर्यटक पाठ फिरवतो. ऑगस्ट २०१२ मध्ये ब्रिटनला भेट देणाऱ्या परदेशी व्यक्तींची संख्या आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे ५ टक्क्यांनी घटली, त्यांचा खर्च मात्र सुमारे ९ टक्क्यांनी वाढला. एअर फ्रान्स-केएलएमने जुलै २०२४ मध्ये जाहीर केले, की प्रवाशांनी पॅरिस टाळल्यामुळे जून ते ऑगस्ट या काळात १६ ते १८ कोटी युरोंच्या उत्पन्नाचा फटका अपेक्षित आहे.

दुसरी, स्थानिक प्रेक्षकाने तिकिटावर केलेला खर्च पुष्कळदा चित्रपट, उपाहारगृह किंवा सहलीवरील खर्चाला पर्याय असतो. अर्थव्यवस्थेत त्यामुळे निव्वळ भर पडतेच असे नाही. तिसरी, उत्पन्नाचा काही भाग शहराबाहेरील कंपन्यांकडे जातो आणि या गळतीमुळे गुणक परिणाम क्षीण होतो.

प्रेक्षकाविना स्पर्धा

प्रेक्षकाचे खरे मोल तो नसताना कळले. कोविड महासाथीमुळे २०२० ची टोकियो ऑलिम्पिक स्पर्धा २०२१ मध्ये झाली. मार्च २०२१ मध्ये परदेशी प्रेक्षकांना आणि जुलैमध्ये टोकियोतील क्रीडास्थळांवर सर्वच प्रेक्षकांना मज्जाव करण्यात आला. तिकिटांपासून अपेक्षित असलेले सुमारे ९ हजार कोटी येन जवळजवळ पूर्णपणे बुडाले. प्रक्षेपण सुरळीत झाले, विक्रमही झाले. परंतु ज्या करदात्यांनी खर्चाचा मोठा भार उचलला होता, त्यांना आपल्याच शहरातील स्टेडियमचे दरवाजे बंद मिळाले. शाळकरी वयात एखादी शर्यत समोर बसून पाहण्याचा आनंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत दिसत नाही. उपभोक्त्याचे संतोषाधिक्य म्हणतात ते हेच.

भारतासाठी बोध

भारताने १९५१ मध्ये पहिली आशियाई क्रीडा स्पर्धा, १९८२ मध्ये नववी आशियाई स्पर्धा आणि २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धा दिल्लीत भरवली. २००८ ची राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा पुण्यात झाली. २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये इरादापत्रही दिले आहे. या अनुभवांतून काही ठोस सूत्रे हाती येतात. वेळापत्रक आणि तिकीट विक्री किमान एक वर्ष आधी जाहीर व्हावी. राखीव आसनांना मर्यादा असावी आणि ठरावीक वेळेत न भरलेली आसने शालेय विद्यार्थ्यांना खुली करावीत. तिकिटाची अधिकृत पुनर्विक्री सुलभ असावी. तिकिटातच सार्वजनिक वाहतुकीचा समावेश करावा. अहमदाबादेत मोटेरापर्यंत मेट्रो पोहोचली असल्याने हे शक्य आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नुसार सुगम प्रवेशाची तरतूद आराखड्यातच असणे अगत्याचे आहे. बांधकामानंतर ती जोडणे खर्चिक ठरते.

सार्वजनिक निधीतून उभ्या राहणाऱ्या महोत्सवात नागरिकाचे स्थान केवळ ग्राहकाचे नसते. त्या खर्चाचा तो भागीदारही असतो. पदकतालिकेवरून खेळाडूंच्या कामगिरीची नोंद होते. यजमान म्हणून देशाने काय साधले, याची नोंद मात्र प्रेक्षागृहात कोण बसले होते यावरून होईल.