लाखोरीचा खटला

रसमड्याहून एका वाचक बाईंनी विचारलंय : घरामागच्या बारीत दरवर्षी भाज्या लावते, त्यातल्या कुठल्या पुन्हा लावायच्या नाहीत हे शास्त्रीय पद्धतीनं कसं ठरवावं? फ्लॉवरनं त्यांना दगा दिला, नुसता पाला माजला, गड्डा धरलाच नाही. उन्हाळी टोमॅटोला फुलं लगडली आणि गळून गेली. नागपूरकडून जाताना दुर्गच्या अलीकडे रसमडा लागतं. तिथला उन्हाळा विदर्भातल्या वाचकांना वेगळा सांगायला नको.

हिशेबाचा भाग सोपा आहे. भाजी जागा किती अडवते, किती दिवस अडवते, पाणी किती पिते आणि बाजारात तीच भाजी काय भावानं मिळते, एवढं वहीत लिहिलं की झालं. पत्ताकोबी तीन महिने जागा धरून एकच गड्डा देते. तेवढ्याच जागेत लाल भाजी खुडून खुडून कंटाळा येईल. कांदे-बटाटे बाजारातून आणावेत. पण फुली मारण्याआधी एक प्रश्न विचारावा : नापास नेमकं कोण झालं, भाजी की तिची वेळ?

फ्लॉवरचे लवकर येणारे देशी वाण वीस ते सत्तावीस अंशांच्या हवेतही गड्डा धरतात. उशिराच्या ‘स्नोबॉल’ जातींना दहा ते सोळा अंशांची थंडी लागते, ती मिळेपर्यंत त्या पानंच वाढवत बसतात. उलट, लवकरचं बी उशिरा लावलं तर सुपारीएवढं बोंड येऊन खेळ संपतो. टोमॅटोचे परागकण रात्रीच्या उकाड्यात निकामी होतात. मे महिन्यात शेजारच्या भिलाईत फळ धरलं नाही तर तो टोमॅटोचा दोष कसा? बाई, या दोघांना अजून एक संधी द्या, फक्त तारीख आणि वाण बदला.

आता मला खरं ज्यावर लिहायचंय तिकडे वळतो. वेळेचा आणि परिस्थितीचा गुन्हा पिकाच्या नावावर लागल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण रसमड्याच्या आसपासच्या धानाच्या बांध्यांमध्येच आहे. तिकडे त्या कडधान्याला तिवरा म्हणतात, भंडारा-गोंदियात लाखोरी किंवा लाखोळी. थंडीत त्याचे कोवळे शेंडे खुडून भाजी करतात, उरली तर उन्हाळ्यासाठी वाळवून ठेवतात. खुडल्यानं वेल बिघडत नाही, उलट जास्त फुटवे फुटतात. निळसर फुलं, चपट्या शेंगा आणि आत पाचरीसारखे कोनदार दाणे. चेच आणि चरोट्याचा पाला खाणाऱ्या मुलखात या भाजीला मान आहे.

धान कापणीला दोन-तीन आठवडे असताना उभ्या पिकात, ओल्या चिखलात हे बी फेकायचं. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. धान निघेतो रोप वीतभर होतं आणि पुढे कन्हार म्हणजे काळ्या मातीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर वाढतं. शिवाय मुळांवरच्या गाठींमधून जमिनीला नत्र देऊन जातं. या पद्धतीला छत्तीसगडात उतेरा म्हणतात, आणि आळशी शेतकऱ्याचं पीक म्हणून तिला हिणवणाऱ्यांनी फेब्रुवारीतली भेगाळलेली कन्हार कधी पाहिलेली नसावी. त्या जमिनीत नांगर घालून दाखवा.

पाऊस हुकला, गहू-हरभरा करपला, तरी लाखोरी उभी राहते. तिच्यावरचा आळ इथूनच सुरू झाला. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या स्लीमननं 1844 च्या आपल्या पुस्तकात सागर भागातली हकिगत नोंदवली आहे. 1829 पासून तिकडे गव्हाचं पीक वर्षामागून वर्ष बुडालं, शेतात तगलं ते हेच कडधान्य, लोकांनी महिनोन्महिने तेच खाल्लं, आणि धडधाकट तरुण कमरेखाली लुळे पडू लागले. पाय ताठ होतात, चालताना कात्रीसारखे एकमेकांवर येतात, पुढे काठी लागते. बुद्धी शाबूत, संवेदना शाबूत, आयुष्यही कमी होत नाही. पाय मात्र परत येत नाहीत. आयुर्वेदात भावमिश्रानं सोळाव्या शतकातच या दाण्याचा पांगळेपणाशी संबंध जोडला होता.

विष सापडायला 1964 उजाडलं, आणि ते सापडलं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. राव, अडिगा आणि शर्मा या तिघांची नावं किती जणांनी ऐकली आहेत? अडचण अशी होती की प्रयोगशाळेतले प्रौढ प्राणी हे दाणे खाऊन मजेत राहायचे. या मंडळींनी नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिलांना दाण्यांच्या अर्काचे वेगवेगळे अंश टोचले. एका अंशानं पिलांच्या माना वाकड्या झाल्या, झटके आले. त्यातून एक साधं अमिनो आम्ल वेगळं झालं, त्याला ओडॅप म्हणतात. मेंदूत एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो बहुतेक वेळा ग्लुटामेटच्या रेणूनं. ओडॅप हुबेहूब त्याच्यासारखं वागतं आणि दाराच्या घंटीवर कुणी बोट दाबूनच ठेवावं तशी पेशीची अवस्था करतं. अखेर ती दमून मरते. चेतापेशी अति उत्तेजनेनं मरतात या कल्पनेला पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत ऑल्नी यांचं नाव लागतं. ते काम 1969 पासूनचं. बंगळूरच्या कामाचा उल्लेख सापडलाच तर तळटीपेत. (गंमत पाहा, हेच ओडॅप चिनी औषधांतल्या एका जिनसेंगच्या मुळांत सापडतं आणि तिथे ते रक्तस्राव थांबवणारं गुणकारी द्रव्य ठरतं.)

पण विष सापडण्याच्या तीन वर्षं आधी, 1961 मध्ये, अन्नभेसळ कायद्याखाली या डाळीच्या विक्रीवर बंदी येऊन गेली होती. अंमल राज्यांवर सोपवलेला. महाराष्ट्रानं तो केला, मध्य प्रदेशानं नाही, आणि तेव्हा दुर्ग मध्य प्रदेशात होतं. म्हणजे महाराष्ट्रातलं दरेकसा सुटून गाडी हद्दीपलीकडच्या बोरतलावला पोचली की तोच दाणा कायदेशीर! लागवडीवर बंदी नव्हतीच, त्यामुळे हद्दीच्या अलीकडेही लाखोरी पिकत राहिली, गुरांना गेली, आणि बेसनात व तुरीच्या डाळीत गुपचूप मिसळून शहरी ताटातही गेली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला, उपोषणं केली. 2008 मध्ये महाराष्ट्रानं बंदी मागे घेतली. पुढे 2015 मध्ये तूरडाळ दोनशे रुपयांच्या घरात गेली आणि 2016 च्या जानेवारीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेकडून रतन, प्रतीक आणि महातिवरा या कमी विषाच्या वाणांना अनुकूल शिफारस आल्याच्या बातम्या झळकल्या. तुरीच्या भावानं विज्ञानाला घाई करायला लावली असं मी म्हणणार नाही, पण तारखा बोलक्या आहेत.

तेव्हाचे मथळे दोन टोकांचे होते. एकीकडे ‘विषारी डाळ परतली’, दुसरीकडे ‘गरिबांचं अमृत’. दोन्ही फेकून द्या. रोजच्या आहाराचा तिसरा हिस्सा किंवा अधिक लाखोरीचाच असेल आणि असं दोन-तीन महिने सलग चाललं, तर धोका खरा आहे. वरण-भात-भाजी, दूध, फळं असणाऱ्या ताटात अधूनमधून तिवऱ्याची भाजी आली तर तो जवळजवळ उरत नाही. रीवा भागात शेतमजुरांना मजुरी याच दाण्यांत मिळायची आणि पांगळे तेच होत. धान्याच्या कोठाराचा मालक होत नसे. त्यातही निसर्गाची खोड अशी की दुष्काळात, पाण्याच्या ताणाखाली, झाड स्वतःच जास्त ओडॅप बनवतं. म्हणजे दुसरं काही खायला नसतं नेमकं तेव्हाच ते अधिक विषारी. ओडॅप कोवळ्या पाल्यातही असतं. दाणे गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिलं की बरंचसं निघून जातं, पण टंचाईत असं पाणी आणि सरपण कुणाकडे असतं?

रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या महातिवऱ्यात ओडॅप 0.1 टक्क्याहून कमी आहे. जुन्या गावठी वाणांत ते याच्या कितीतरी पट असू शकतं. बारीच्या कडेला चार ओळी लावायच्या तर हाच वाण लावा, फक्त त्याचं बी घरी धरू नका. लाखोरीचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागावर भागवतं, तरी मधमाश्या शेजारच्या गावठी लाखोरीवरून येतात, पराग मिसळतो आणि काही पिढ्यांत कमी विषाचा गुण विरत जातो. दरवर्षी नवं, खात्रीचं बियाणं आणा, आणि जुनी लाखोरी असलेल्या बांध्यापासून जमेल तेवढं लांब पेरा.