सहीचा कागद आणि सर्वांचा कागद

कामगार संघटनेत आम्ही दोन प्रकारचे कागद जन्मभर हाताळले. एक पत्रक, खाली ज्याची सही, शब्दही त्याचेच. दुसरा मागणीपत्रकाचा मसुदा. त्यात खात्याखात्याचे प्रतिनिधी ओळी घालतात, खोडतात आणि शेवटी तो कोणा एकाचा राहत नाही. हे दोन कागद ज्याला कळले, त्याला ब्लॉग आणि विकी यांतील भेद समजण्यास अडचण पडू नये.

ब्लॉग हा पहिल्या जातीचा. जहाजावरील रोजच्या नोंदवहीस इंग्रजीत ‘लॉग’ म्हणतात. त्यावरून जॉर्न बार्गर या अमेरिकनाने १९९७ साली ‘वेबलॉग’ हा शब्द वापरला. त्याचाच पुढे ‘ब्लॉग’ झाला. मराठीत कोणी त्यास अनुदिनी म्हणतात. प्रत्येक नोंदीवर तारीख असते; नवी नोंद वर, जुनी खाली. वाचक फार तर खाली अभिप्राय लिहील, पण मूळ मजकुरास त्याला हात लावता येत नाही. चुकले तर जबाब लेखकाने द्यायचा.

विकी दुसऱ्या जातीचे. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ साली पहिले विकी सुरू केले. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. येथे वाचकच लेखणी उचलतो व समोरचे वाक्य दुरुस्त करतो. २००१ साली सुरू झालेला विकिपीडिया हा ज्ञानकोश असाच वाढला. मराठी विकिपीडिया २००३ चा. अशाने गोंधळ माजणार नाही काय? माजतो कधी कधी. परंतु प्रत्येक फेरफाराची नोंद पानाच्या ‘इतिहासा’त राहते, जुना मजकूर परत आणता येतो आणि वाद ‘चर्चे’च्या पानावर मांडता येतो.

आता कामगाराने कोठे लिहावे? मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. ही तारीख विकिपीडियात शोभते. पण त्या संपात एखाद्या घरची भांडी कशी विकली गेली, हे त्या घरच्या माणसाला तेथे आठवणीवरून लिहिता येत नाही. प्रसिद्ध साधनाचा आधार लागतो, आणि खाजगी ब्लॉगही सहसा आधार म्हणून चालत नाही. नियम योग्यच आहे. मात्र त्याचा अर्थ असा की, ज्यांच्याविषयी कोणी लिहिले नाही, त्यांची जागा तेथे रिकामी राहते.

ब्लॉगवर ‘मी पाहिले’ एवढा अधिकार पुरतो. आज कोणी ती हकीकत लिहून ठेवली, तर उद्याचा अभ्यासक ती पडताळून ग्रंथात घेऊ शकेल आणि ग्रंथातून ती सर्वांच्या कोशात जाऊ शकेल. न लिहिलेली आठवण माणसाबरोबरच जाते.

तेव्हा ब्लॉग वाचताना विचारावे, सांगणारा कोण? विकी वाचताना विचारावे, आधार कोणता? आणि लिहिताना आठवण आपल्या सहीने लिहावी. तारीख व आकडा मात्र चारचौघांपुढे ठेवावा आणि कोणी पुराव्यानिशी खोडला, तर राग मानू नये.