पालक सक्षम ठरले, तर मूल घरी

बालगृहातील प्रत्येक मूल अनाथ असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तेथील अनेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात. घरातील दीर्घ आजारपण, व्यसन, बुडालेला रोजगार अशा कारणांनी मूल शासनाच्या देखरेखीखाली जाते. ही व्यवस्था तात्पुरती असते. तिने आईवडिलांचे नाते संपत नाही.

याविषयीचा कायदा म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. त्यानुसार असे मूल प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात आणि तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण व्हावी आणि अंतिम आदेश चार महिन्यांत निघावा, अशी तरतूद आहे.

कलम ४० येथे सर्वांत महत्त्वाचे. मुलाला कुटुंबात परत पोहोचवणे हे बालगृहाचे प्रमुख उद्दिष्ट असल्याचे ते सांगते. पालक मुलाचा सांभाळ करण्यास योग्य आहेत, अशी खात्री झाल्यावर समिती मूल त्यांच्या स्वाधीन करू शकते आणि त्यांना आवश्यक सूचना देऊ शकते. आदेश मान्य नसल्यास ३० दिवसांत अपील करता येते.

येथे सक्षमता आणि संपन्नता यांची गल्लत होऊ नये. केवळ आर्थिक दारिद्र्य हे मुलाला कुटुंबापासून तोडण्याचे एकमेव कारण असू नये, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पाहायचे ते हे, की मूल घरी सुरक्षित राहील का, शाळेत जाईल का, आणि ज्या कारणाने ते दुरावले ते कारण दूर झाले का.

व्यापारी कुटुंबांचा संबंध येथेच येतो. दुकानातील नोकर, गोदामातील हमाल, घरकामास येणारी बाई यांच्यावर असा प्रसंग ओढवला, तर नियमित वेतनाचे पत्र, सुनावणीसाठी भरपगारी रजा आणि वेळेवर मिळालेली उचल यांचे मोल मोठे असते. मिशन वात्सल्य योजनेतील प्रायोजकत्वातून पात्र मुलाला दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करावा लागतो. कागदपत्रे जमवून अर्ज भरून देणे हीदेखील सेवाच होय.

वाढदिवस वा पुण्यतिथीनिमित्त बालगृहात मिष्टान्न देण्याची प्रथा स्तुत्य आहे. तथापि त्याच दानातून एखाद्या कुटुंबाचे सहा महिन्यांचे घरभाडे किंवा व्यसनमुक्तीच्या उपचारांचा खर्च भागला, तर बालगृहातील एक मूल आपल्या घरी जेवू शकेल. आईवडील सावरल्यानंतर मुलाने आणखी एक वर्ष बाहेर काढावे, हा तोटा कोणत्याही खतावणीत भरून निघत नाही.