ठिणगीची वेळ आणि पेट्रोलचा धीर

मध्यंतरी वर्गात उष्णतेचा पाठ चालू असताना एका मुलाने विचारले, “सर, शंभर ऑक्टेनचे पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा जास्त जोरदार असते ना? शर्यतीच्या मोटारींना तेच लागते म्हणतात.” प्रश्न मुलाचा असला तरी समजूत थोरामोठ्यांची आहे. २०२० च्या डिसेंबरात आपल्या देशात १०० ऑक्टेनचे पेट्रोल विक्रीस आले, तेव्हापासून तर पंपावरच्या चढत्या दराबरोबर इंजिनाची ताकदही चढत जाते, असे पुष्कळांना वाटू लागले आहे. आज मी आपणांशी या अंकाविषयीच बोलणार आहे. वस्तुतः हा अंक पेट्रोलच्या धीराचा आहे. किती दाब आणि किती उष्णता सोसूनही ते आपण होऊन पेटत नाही, एवढेच तो सांगतो. मग वेगवान स्पोर्ट्‌स मोटारींना तो मोठा का लागतो, हे समजून घेण्यासाठी आधी सिलिंडरात डोकावले पाहिजे.

पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरात शिरते, पिस्टन वर येऊन ते दाबतो, प्लगची ठिणगी पडते, मिश्रण जळते आणि तापून फुगलेला वायू पिस्टनला खाली रेटतो. इतके शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकात बहुधा नसते ते असे, की ठिणगी पडताच सारे मिश्रण एकदम जळत नाही. प्लगपाशी लहानशी ज्योत उगवते आणि तेथून ती भिंतींकडे पसरत जाते. या पसरण्याला सेकंदाचा सुमारे पाचशेवा भाग लागतो असे धरू. आपणांस हा काळ नगण्य वाटेल. परंतु मिनिटाला ३००० फेरे घेणारा क्रँक तेवढ्यात ३६ अंश फिरून जातो. पिस्टन माथ्यावर पोचल्यावर ठिणगी टाकली, तर ज्योत पसरेपर्यंत तो बराच खाली गेलेला असतो आणि पुष्कळशी उष्णता धुराच्या नळीवाटे बाहेर फुकट जाते. यासाठी ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्यापूर्वीच, वेगानुसार दहा, वीस, तीस अंश आधी पाडतात. दाबाचा कळस पिस्टनने माथा ओलांडल्यावर सुमारे पंधरा अंशांवर यावा, असा हा बेत असतो. कारागीर ज्याला ‘टायमिंग’ म्हणतात, ते हेच.

झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला झोका देताना आपण हेच करीत असतो. झोका मागे येऊन टेकतो न टेकतो तोच हात लावला, तर थोडक्या जोराने तो उंच जातो. उशीर केला, तर आपला हात झोक्यामागे धावतो. आणि झोका अजून मागे येत असतानाच रेटा दिला, तर मुलाला धक्का बसतो आणि आपले मनगटही दुखावते. इंजिनातही ठिणगी फार आधी पडली, तर वर येणाऱ्या पिस्टनलाच ज्वालेचा विरोध होतो. जुन्या मोटारींत ही वेळ मागेपुढे करण्यासाठी सुकाणूच्या चाकाजवळ एक लहान दांडी असे आणि ती हलविण्याचे काम चालकाकडे असे. पुढे वितरकातील, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधील, फिरती वजने हे काम वेगाप्रमाणे आपोआप करू लागली. आज ते संगणक करतो.

आता धीराचा प्रश्न येतो. ज्योत पसरत असताना तिच्यापुढचे, कोपऱ्यात राहिलेले मिश्रण एकीकडून पिस्टनने आणि दुसरीकडून जळालेल्या वायूने चेपले जाते आणि भयंकर तापते. पेट्रोल अधीर असेल, तर ज्योत पोचण्याची वाट न पाहता ते सारे एका क्षणात भडकते. फटाक्यांची माळ टोकाकडून क्रमाने उडणे निराळे आणि माळेचा उरलेला गठ्ठा एकदम उडणे निराळे. या भडक्याने दाबाच्या लाटा सिलिंडरात आपटू लागतात आणि सेकंदाला सहासात हजार कंपनांचा, धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज उठतो. ‘इंजिन नॉक मारते’ असे म्हणतात ते हेच. आवाज बारीक असतो म्हणून पुष्कळ जण त्याकडे दुर्लक्ष करतात. पण धातूच्या पृष्ठभागाशी वायूचा जो पातळ थर असतो, तो या लाटा उधळून लावतात. पिस्टनचा माथा जरुरीपेक्षा तापतो, कडा तुटतात, प्रसंगी मध्ये भोक पडते. एका लांब चढावावरचा हट्ट पिस्टनला पुरेसा होतो.

या आवाजाचे मूळ ठिणगीत नसून इंधनात आहे, हे इंग्लंडात हॅरी रिकार्डो यांनी ओळखले. १९१९ च्या सुमारास त्यांनी चालू स्थितीतच मिश्रणाचा दाब कमीअधिक करता येईल असे इंजिन बांधले आणि कोणते इंधन कोठवर टिकते ते पाहिले. अमेरिकेत १९२६ साली ग्रॅहॅम एडगर यांनी त्यासाठी माप सुचविले. फांद्या फुटलेल्या रेणूंचा आयसो-ऑक्टेन फार सोशिक, त्याला १०० गुण. सरळ साखळीचा हेप्टेन अतिशय अधीर, त्याला शून्य. या दोहोंचे ९५ आणि ५ या प्रमाणातले मिश्रण ज्या ठिकाणी ठोके देऊ लागते, तेथेच एखादे पेट्रोल ठोके देऊ लागले, तर त्याचा अंक ९५. परीक्षेच्या गुणांसारखे हे माप आहे आणि परीक्षेच्या गुणांप्रमाणेच त्याचा गैरअर्थही फार होतो. मद्यार्क जातीच्या इथेनॉलचा अंक शंभराच्याही वर जातो. पण लिटरमागे त्यातून मिळणारी उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असते. धीर आणि ताकद या दोन गोष्टी किती निराळ्या आहेत, हे यावरून दिसावे.

मग वेगाशी या धीराचा संबंध काय? मिश्रण जितके अधिक दाबून जाळावे, तितके तेवढ्याच पेट्रोलातून अधिक काम निघते. दाब किती वाढवावा आणि ठिणगी किती आधी पाडावी, या दोहोंना वेसण घालतो तो नॉकचा ठोका. जग्वार कंपनीच्या एक्सके १२० या मोटारीचे उदाहरण घेऊ. १९४८ च्या ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ती प्रथम मांडली गेली आणि १९४९ च्या मे महिन्यात बेल्जियममधील याबेके येथील सरळ रस्त्यावर तिने ताशी १३२ मैलांहून अधिक वेग गाठला. विल्यम हाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेले तिचे ३४४२ घन सेंटिमीटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन मोठे नामी होते. परंतु घरी, इंग्लंडात, त्याला पाजायचे काय? युद्धकाळापासून तेथे सर्व कंपन्यांचे पेट्रोल एकत्र करून ‘पूल’ या एकाच नावाने विकले जाई आणि त्याचा ऑक्टेन अंक सत्तरीच्या आसपास असे. हा प्रकार १९५३ च्या फेब्रुवारीपर्यंत चालला. म्हणून कंपनीने तेच इंजिन दोन दाबांत दिले: मिश्रण आठपट चेपणारे, १६० अश्वशक्तीचे, आणि हलक्या पेट्रोलसाठी सातपट चेपणारे, थोड्या कमी शक्तीचे. अभियंत्याचे कौशल्य तेच, लोखंड तेच; टाकीतल्या तेलाने मात्र घोडे कमी केले. आठपटीच्या इंजिनात कोणी हलके पेट्रोल घातलेच, तर वितरक फिरवून ठिणगी मागे घ्यावी लागे. मग ठोके थांबत, पण मोटार सुस्त होई आणि इंजिन अधिक तापे, कारण दाबाचा कळस उशिरा येऊ लागे.

हा धीर विकत घेण्यासाठी जगाने एक काळी किंमतही मोजली. १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली यांना आढळले, की शिशाचे एक संयुग चिमूटभर मिसळले तरी पेट्रोल ठोके देईनासे होते. १९२३ मध्ये ते विक्रीस आले आणि १९२४ मध्येच न्यू जर्सीतील एका कारखान्यात ते बनविणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तरीही लहान मुलांच्या मेंदूला घातक असे हे शिसे धुरावाटे अनेक दशके रस्त्यांवर पडत राहिले. आपल्या देशात ते २००० साली बंद झाले. अल्जीरियात शेवटचे शिसेयुक्त पेट्रोल २०२१ मध्ये संपले. वेगाच्या इतिहासात हा मजकूर सहसा तळटीपेत टाकतात; मला ते योग्य वाटत नाही.

पुढे इंजिनालाच कान फुटले. १९८५ च्या पोर्शे ९४४ टर्बो या मोटारीत इंजिनाला चिकटविलेला एक संवेदक ठोका ऐके आणि ठिणगी काही अंश मागे घेई. तेवढ्याने भागले नाही, तर टर्बोतून येणाऱ्या हवेचा जोर कमी करी. आज साध्या मोटारींतही असा कान असतो. सिलिंडरात थेट पेट्रोल फवारल्याने मिश्रण थंड राहते, म्हणून २००९ च्या फेरारी ४५८ सारख्या मोटारीत ते साडेबारापट चेपता आले. अशा मोटारीत कमी अंकाचे पेट्रोल घातले तर बहुधा काही मोडत नाही. संगणक मुकाट्याने ठिणगी मागे नेतो आणि दाम मोजून घेतलेली अश्वशक्ती चालकाच्या नकळत कापली जाते.

उलट, ९१ अंकासाठी बांधलेल्या साध्या मोटारीत १०० अंकाचे पेट्रोल घालणाऱ्याला बहुधा काहीच मिळत नाही. ठिणगी आधीच योग्य वेळी पडत असते. जास्तीच्या धीराला तेथे काम नसते. मी त्या मुलाला सांगितले, की वडिलांना मोटारीबरोबर आलेले पुस्तक उघडायला सांग. त्यात जो अंक छापला असेल, तेवढा पुरे. मात्र पुस्तक अमेरिकेतून आणलेल्या मोटारीचे असेल तर सावध राहावे. तेथे दोन कसोट्यांची सरासरी छापतात, त्यामुळे तिकडचा ९१ म्हणजे आपल्याकडचा सुमारे ९५.

ज्यांच्याकडे संगणक नसलेली जुनी गाडी आहे, त्यांच्यासाठी जुन्या कारागिरांची रीत अजून उपयोगी पडते. इंजिन गरम झाल्यावर वरच्या गिअरमध्ये हलक्या चढावावर अॅक्सिलरेटर दाबावा आणि कान द्यावा. ठोका मुळीच ऐकू येत नसेल, तर गाडी थांबवून वितरक किंचित पुढे सरकवावा आणि पुन्हा तोच चढाव चढावा. पहिला अस्पष्ट ठोका ऐकू आला, की तेथून केसभर मागे यावे आणि खिळ आवळून टाकावी. पेट्रोल बदलले की हे पुन्हा करावे लागते.