देवीचा वण आणि हाडातला झरा

खेडच्या बाजारपेठेत साठी ओलांडलेल्या माणसांच्या दंडावर अजून एक गोल, खोलगट वण दिसतो. लहानपणी देवी काढल्याची ती खूण. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली. १९७५ मध्ये देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. १९८० मध्ये सारं जग देवीमुक्त जाहीर झालं. रोग संपला, टोचणंही थांबलं, पण त्या वणापाशी सुरू झालेलं काम अजून चालूच आहे.

अमेरिकेतल्या ओरेगन इथल्या संशोधकांनी २५ ते ७५ वर्षांपूर्वी देवी काढलेल्यांचं रक्त तपासलं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष थक्क करणारे होते. दहांतल्या नऊहून अधिक जणांत प्रतिकारशक्ती शाबूत होती आणि प्रतिपिंडांची पातळी इतकी वर्षं जवळजवळ ढळलीच नव्हती.

हे नवल नीट कळायचं तर थोडा हिशेब करावा लागतो. रक्तातली बहुतेक प्रतिपिंडं साधारण तीन आठवड्यांत निम्मी होतात. नवी तयारच झाली नाहीत, तर वर्षभरात लाखात एकही उरणार नाही. मग पन्नास वर्षांनी ती येतात कुठून?

खेडच्या गरम पाण्याच्या कुंडातून पाणी सतत वाहून जातं, तरी ते आटत नाही, कारण खाली झरा जिवंत असतो. आपल्या शरीरातला हा झरा हाडांच्या पोकळीत, अस्थिमज्जेत आहे. लस टोचली की काखेतल्या लसिकाग्रंथींत बी-पेशींची चुरस लागते. त्या आपल्या जनुकांत बारीक बदल करत जातात आणि विषाणूला अधिक घट्ट पकडणाऱ्या पेशी निवडल्या जातात. त्यांतल्या काही प्लाझ्मा पेशी होऊन अस्थिमज्जेत मुक्कामाला जातात. तिथल्या शेजारच्या पेशी त्यांना जगत राहण्याचे रासायनिक संदेश देतात. या प्लाझ्मा पेशी पुन्हा विभागत नाहीत. एकेक पेशी दर सेकंदाला हजारो प्रतिपिंडं रक्तात सोडते आणि हे काम वर्षानुवर्षं करते. शिवाय काही स्मृतिपेशी वेगळ्या राखीव असतात. तो विषाणू पुन्हा आलाच, तर त्या झपाट्याने वाढून नवी कुमक उभी करतात.

प्रत्येक लशीचा झरा मात्र सारखा नसतो. गोवराविरुद्धची प्रतिपिंडं जवळजवळ आयुष्यभर पुरतात. धनुर्वाताविरुद्धची सुमारे अकरा वर्षांत निम्मी होतात, म्हणून तर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मुलांना ते इंजेक्शन पुन्हा देतात.

तेव्हा लशीचं संरक्षण म्हणजे एकदा मिळवून ठेवलेली ठेव नव्हे. जिवंत पेशी ते रोज नव्याने घडवतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणात या जुन्या पेशी बहुतांशी नाहीशा होतात, आणि म्हणूनच त्या रुग्णांना, वय कितीही असो, बालपणीच्या लशी पुन्हा घ्याव्या लागतात.