छोट्या बोटींचा लांब पल्ला

सुप्याच्या जिरायती माळावर बसून आरमारावर लिहायचं म्हणजे जरा आगाऊपणाच. पण ज्या भोसले घराण्याकडे पुणे-सुप्याची जहागीर होती, त्यानंच कल्याण-भिवंडी हाती येताच गलबतं बांधायला घेतली. तेव्हा थोडा हक्क आम्हालाही पोहोचतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत नौदलानं टॉर्पेडो बोटीच्या लाकडी सांगाड्यावर दोन क्षेपणास्त्रं चढवून पाहिली. ही ‘कोमार’. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या कोमार बोटींनी इस्रायलची ‘एलात’ विनाशिका बुडवली आणि भल्याभल्या नौदलांची झोप उडाली. कोमारची थोरली बहीण ‘ओसा’: वजन सुमारे २०० टन, चार पी-१५ क्षेपणास्त्रं, पल्ला ४० किलोमीटर. सुप्यातून सोडलं तर बारामती ओलांडून जाईल.

भारतानं अशा आठ बोटी घेतल्या. १९७१ मध्ये त्या आल्या, तर त्यांना उचलेल अशी क्रेन मुंबईत नव्हती. मग कोलकात्यात उतरवून मुंबईपर्यंत ओढत आणाव्या लागल्या. मूळ काम बंदराची राखण, त्यामुळे इंधन तुटपुंजं. पण ओढून नेली तर हीच बोट शत्रूच्या दारात उभी करता येईल, हे त्यातून ध्यानात आलं. माझ्या मते या बोटीची निम्मी ताकद या जुगाडात होती.

कारण एकटी ती लंगडीच. ३० मिलिमीटरच्या जोडतोफा विमानापुरत्या, पाणबुडीपुढे तर काहीच इलाज नाही. म्हणून १९७१ च्या भारत-पाक युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या बोटी कराचीवर निघाल्या, तेव्हा पाणबुडीविरोधी किल्तान आणि कच्छल सोबत होत्या. मोहिमेचं नेतृत्व कमांडर बब्रूभान यादव यांच्याकडे. निर्घातचं पहिलं क्षेपणास्त्र येताना दिसलं, ते पाकिस्तानी विनाशिका ‘खैबर’वरच्यांना विमान वाटलं. त्यांनी विमानविरोधी तोफा डागल्या, विमानहल्ल्याचा संदेशही धाडला. दुसऱ्या क्षेपणास्त्रानं जहाज संपवलं. पाकिस्तानचीच ‘मुहाफिज’ ही नौकाही त्याच रात्री बुडाली. चार दिवसांनी एकट्या विनाश बोटीनं आपली चारही क्षेपणास्त्रं कराचीवर रिकामी केली. केमारीच्या तेलटाक्या पेटल्या.

मात्र ही जादू फार टिकली नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये लताकियाजवळ सीरियाच्या बोटींनी हीच क्षेपणास्त्रं सोडली. इस्रायलनं रडारला चकवा दिला आणि एकही लागलं नाही. भारतानंही पुढं त्याच नावांच्या मोठ्या बोटी आणल्या, काही माझगाव डॉकमध्ये आणि गोव्यात बांधल्या. त्यांपैकी वीर आणि निपात २८ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत निवृत्त झाल्या.